मास्टर्सच्या परंपरा आल्या कुठून?

तुम्ही विचारलंय की गोल्फच्या चार मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धांमध्ये मास्टर्स वयाने सगळ्यात लहान, मग हिरवं जॅकेट, पांढऱ्या पोशाखातले कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारे मदतनीस), पहिल्या सकाळचा मानाचा फटका, माजी विजेत्यांचं जेवण असा परंपरांचा सगळ्यात मोठा पसारा तिच्याकडेच कसा? आणि हे सगळं सुरू केलं कुणी?

वयाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ब्रिटिश ओपन १८६० ची, यूएस ओपन १८९५ ची, पीजीए १९१६ ची आणि मास्टर्स १९३४ ची. माझं उत्तर थोडक्यात असं: मास्टर्सच्या बहुतेक परंपरा एखादी साधी अडचण सोडवायला सुरू झाल्या, आणि टिकल्या त्या स्पर्धा दरवर्षी एकाच मैदानावर होते म्हणून. बाकीच्या तिन्ही मेजर मैदानं बदलत फिरतात. मास्टर्स अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या बाहेर एकदाही गेलेली नाही. गोल्फ मैदानांच्या देखभालीतच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे उत्तर जमिनीपासूनच सुरू करतो.

ही जमीन आधी निळीचा मळा होती. पुढे बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स कुटुंबाने तिथे फ्रूटलँड नावाची नर्सरी चालवली. नर्सरी बंद पडल्यावर १९३१ मध्ये बॉबी जोन्सने ही ३६५ एकर जागा घेतली. जोन्स हौशी खेळाडू, पेशाने वकील. १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळ सोडला होता. गर्दीपासून लांब, मित्रांबरोबर खेळता येईल असं एक मैदान त्याला हवं होतं. व्यवहाराची बाजू न्यूयॉर्कच्या क्लिफर्ड रॉबर्ट्सने सांभाळली. हा माणूस अत्यंत काटेकोर आणि तितकाच हट्टी. मास्टर्समध्ये आज जी शिस्त दिसते ती मुख्यतः त्याची.

मैदानाची रचना ॲलिस्टर मॅकेंझीची. तो मुळात डॉक्टर. बोअर युद्धात सैन्याबरोबर असताना बोअर लोक जमिनीच्या चढउतारांचा आडोसा कसा घेतात हे त्याने पाहिलं आणि तीच नजर पुढे मैदानं आखायला वापरली. ऑगस्टात त्याने बंकर (वाळूचे खड्डे) मोजकेच ठेवले, फेअरवे (मधले कापलेल्या गवताचे पट्टे) ऐसपैस ठेवले आणि सगळी परीक्षा ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळच्या उतारांवर घेतली. पण काळ महामंदीचा होता. १,८०० सभासद मिळवायचा बेत होता, स्पर्धा सुरू झाली तेव्हा शंभरही नव्हते. मॅकेंझीला त्याची पूर्ण फी कधीच मिळाली नाही आणि पहिली स्पर्धा व्हायच्या आधीच, जानेवारी १९३४ मध्ये तो वारला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे फार लागतं. ज्या मैदानाचा दाखला आजही प्रत्येक रचनाकार देतो, ते भरात आलेलं त्याने पाहिलंच नाही.

स्पर्धासुद्धा अडचणीतूनच आली. आधी यूएस ओपन ऑगस्टात भरवायचा विचार होता, पण ती जूनमध्ये असते आणि जॉर्जियातला उन्हाळा तेव्हा खेळू देत नाही. मग स्वतःचीच स्पर्धा सुरू केली. पहिली मार्च १९३४ मध्ये झाली, त्यामागेही हिशेब होता. फ्लोरिडात बेसबॉल संघांचा सराव पाहून क्रीडा पत्रकार त्या सुमारास उत्तरेकडे परतत असत, त्यांना वाटेत ऑगस्टात उतरवून घ्यायचं. स्पर्धेला ‘मास्टर्स’ म्हणावं असं रॉबर्ट्सला पहिल्यापासून वाटत होतं. जोन्सला ते नाव फुशारकीचं वाटलं, म्हणून १९३९ पर्यंत ती अधिकृतपणे नुसती ‘ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन’ होती. पहिला विजेता हॉर्टन स्मिथ.

त्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तेव्हा अठरा होलांच्या (टी या सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंत एक होल) मैदानाचे नऊ-नऊचे दोन भाग उलट क्रमाने खेळले गेले, म्हणजे आजचा दहावा होल तेव्हा पहिला होता. पुढच्याच वर्षी क्रम फिरवला. एक कारण अगदी माळ्याच्या कामातलं होतं. ओढ्याकाठचा सखल भाग झाडांच्या सावलीत असल्यामुळे थंडीच्या सकाळी तिथलं गोठलेलं दव उशिरा वितळायचं, आणि पांढऱ्या पडलेल्या गवतावरून चाललं की पावलागणिक गवत मरतं. तो भाग दिवसाच्या उत्तरार्धात खेळायला घेतला आणि प्रश्न सुटला. पण त्यामुळे पाण्याचे सगळे अवघड होल शेवटच्या नऊमध्ये आले. रविवारी संध्याकाळी मास्टर्समध्ये जी पडझड आणि मुसंडी बघायला मिळते, तिच्या मुळाशी हा बदल आहे.

त्याचं फळ लगेच, १९३५ मध्ये दिसलं. क्रेग वुड आपली फेरी संपवून आघाडीवर होता आणि जीन साराझेन तीन फटके मागे. पंधराव्या होलवर साराझेनने २३५ यार्डांवरून चार नंबरच्या ‘वुड’ काठीने मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, पाच; लागले दोन. तीन फटक्यांचं अंतर एका फटक्यात भरून निघालं आणि बरोबरी सोडवायला दुसऱ्या दिवशी झालेल्या ३६ होलांच्या प्लेऑफमध्ये साराझेन जिंकला. नवख्या स्पर्धेचं नाव त्या एका फटक्याने देशभर झालं. १९५५ मध्ये त्या होलजवळच्या पुलाला साराझेनचं नाव दिलं.

आता जॅकेट. १९३७ पासून स्पर्धेच्या दिवसांत सभासदांनी हिरवा कोट घालायची पद्धत पडली, ती प्रेक्षकांना काही विचारायचं असेल तर क्लबचा माणूस चटकन ओळखू यावा म्हणून. म्हणजे मुळात हा स्वयंसेवकाचा बिल्ला! १९४९ मध्ये सॅम स्नीडला विजेता म्हणून तो पहिल्यांदा दिला गेला. विजेता त्यामुळे क्लबच्या पंगतीत बसतो, असा त्याचा अर्थ. साधा एकेरी बटणपट्टीचा कोट, पितळी बटणं, डाव्या छातीवर क्लबचं बोधचिन्ह. विजेत्याला तो वर्षभर घरी नेता येतो, नंतर क्लबमध्येच ठेवावा लागतो आणि आला की तिथे घालायचा. आदल्या वर्षीचा विजेता नव्याला कोट चढवतो. १९६६ मध्ये जॅक निकलॉसने सलग दुसऱ्यांदा स्पर्धा जिंकली, तेव्हा चढवणारा आणि घालणारा एकच निघाला. त्याने तो स्वतःच घातला.

माजी विजेत्यांचं जेवण १९५२ मध्ये बेन होगनने सुरू केलं. पदार्थ आदल्या वर्षीचा विजेता ठरवतो. स्कॉटलंडच्या सँडी लाइलने मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा हॅगिस वाढला, टायगर वुड्सने १९९८ मध्ये चीजबर्गर, हिदेकी मात्सुयामाने २०२२ मध्ये सुशी आणि वाग्यू बीफ. फिजीत वाढलेला भारतीय वंशाचा विजय सिंग २००० मध्ये जिंकला, पुढच्या वर्षी त्याने सगळ्यांना थाई जेवण घातलं. मुख्य स्पर्धेआधी बुधवारी होणारी छोटी पार-थ्री (तीन-तीन पारच्या होलांची) स्पर्धा १९६० पासूनची. ती जिंकलेल्या कुणालाही त्याच वर्षी मुख्य स्पर्धा जिंकता आलेली नाही, निदान २०२५ पर्यंत तरी. गुरुवारी सकाळी जुन्या जाणत्या खेळाडूंनी पहिला फटका मारायचा, हे १९६३ मध्ये जॉक हचिसन आणि फ्रेड मॅक्लाऊड यांच्यापासून सुरू झालं.

इथे थोडं जमिनीबद्दल बोलू द्या, कारण टीव्हीवर सगळ्यांना दिसतं ते हिरवेपण, आणि त्यामागचं काम कुणी सांगत नाही.

ऑगस्टाच्या फेअरवेवर उन्हाळ्यात असते ती बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातली. थंडीत ती सुकून पिवळी पडते. म्हणून दर शरद ऋतूत तिच्यावर रायग्रासचं बी पेरतात, आणि एप्रिलमध्ये दिसतं ते हे रायग्रास. उन्हाळाभर क्लब बंद असतो, मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे मैदानाला दरवर्षी सक्तीची विश्रांती मिळते, जी आपल्याकडच्या कुठल्याही क्लबच्या सभासदांना पटवणं अशक्य आहे. फेअरवे कापताना यंत्र ग्रीनकडून टीकडे चालवतात. गवत टीच्या दिशेने झुकलेलं राहतं आणि पडलेला चेंडू कमी पळतो. मैदानाची लांबी एका इंचानेही न वाढवता होल लांब करायची ही युक्ती आहे.

ग्रीनवर १९८१ पासून बेंट गवत आहे. हे थंड हवेचं, सुईसारखं बारीक गवत. ते अगदी खाली कापता येतं आणि त्यावर चेंडू काचेवरून गेल्यासारखा जातो. पुण्या-मुंबईच्या हवेत ते तग धरत नाही, आपले ग्रीन हरळीच्याच बुटक्या जातींचे असतात. जॉर्जियातही ते सुखासुखी जगत नाही. त्यासाठी ग्रीनच्या खाली नळ टाकून मातीतलं पाणी ओढून घेणारी आणि गरज पडली तर मुळांना हवा देणारी यंत्रणा क्लबच्याच मैदानप्रमुखाने, मार्श बेन्सनने, तयार केली. आज जगभरच्या मैदानांवर ती विकत घेतली जाते. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात ऑगस्टाचे ग्रीन पुन्हा टणक कसे, याचं उत्तर जमिनीखाली आहे.

बारावा होल जवळून बघा. फक्त १५५ यार्ड. समोर रेज क्रीक नावाचा ओढा, ओढ्यापलीकडे चढ, चढावर एक बंकर आणि त्यामागे आडवा, अरुंद ग्रीन. ग्रीन तिरका आहे. उजवी बाजू टीपासून जास्त लांब, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका जरा चुकला की चेंडू उजवीकडे आणि आखूड जातो, म्हणजे नेमका पाण्यात. वारा झाडांमध्ये फिरतो. अकराव्याच्या झेंड्यावर एकीकडे आणि बाराव्याच्या झेंड्यावर दुसरीकडे. ग्रीनपुढचा उतार किती खाली कापलाय यावर नशीब ठरतं. १९९२ मध्ये फ्रेड कपल्सचा चेंडू त्या उतारावरून ओघळता ओघळता गवतात अडकला, पाण्यात गेला नाही, आणि तो स्पर्धा जिंकला. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथने याच होलवर दोन चेंडू पाण्यात घालवून सात फटके घेतले. शेवटच्या नऊला सुरुवात करताना तो पाच फटक्यांनी पुढे होता. २०१९ मध्ये रविवारी मोलिनारी, फिनाव, केपका, पोल्टर असे एकामागून एक पाण्यात गेले. टायगरने झेंड्याकडे बघितलंच नाही, बंकरच्या डोक्यावरून डावीकडे मारून पार घेतला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पाचवं जॅकेट मिळवलं.

टीव्हीसमोरच्या माणसाला हे सगळं आठवत असतं. एकाच मैदानाचं बळ ते हे. नवा खेळाडू बाराव्याच्या टीवर उभा राहतो तेव्हा स्पीथ कुठे चुकला हे त्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. दर वर्षी शहर बदलणाऱ्या स्पर्धेत ही आठवण साठत नाही.

अर्थात मैदान तेच असलं तरी तसंच राहिलेलं नाही. आज ते साडेसात हजार यार्डांच्या पुढे गेलंय. तेराव्या होलचा टी मागे न्यायला शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली आणि २०२३ पासून तो ५४५ यार्डांचा झाला. सतराव्यावरचं ‘आयझेनहॉवर ट्री’ नावाचं प्रसिद्ध पाइनचं झाड फेब्रुवारी २०१४ च्या बर्फाच्या वादळात गेलं. हे झाड तोडावं म्हणून स्वतः राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सभासदांच्या सभेत सुचवलं होतं, आणि रॉबर्ट्सने सभाच बरखास्त केली होती.

आता पांढऱ्या पोशाखाबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि हिरवाईच्या कौतुकात तो झाकला जाऊ नये. हिरवी टोपी, पांढरा सैल, अंगभर पोशाख, पाठीवर खेळाडूचं नाव. समोर नोंदणीचा क्रमांक, त्यात एक नंबर गतविजेत्याच्या कॅडीचा. पण १९८२ पर्यंत नियम असा होता की खेळाडूने क्लबचाच कॅडी घ्यायचा, आणि क्लबचे सगळे कॅडी कृष्णवर्णीय होते. खेळणारे जवळजवळ सगळे गोरे. ही परंपरा रंगभेदाच्या चौकटीतली होती, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आणि त्याच वेळी हेही खरं की त्या जमिनीचं सगळ्यात खोल ज्ञान त्या माणसांकडे होतं. ‘आयर्न मॅन’ म्हणून ओळखला जाणारा नॅथॅनियल एव्हरी अर्नॉल्ड पामरच्या चारही विजयांत त्याच्याबरोबर होता. निकलॉसबरोबर विली पीटरसन. कार्ल जॅक्सन हा तर पोरवयापासून तिथे राबलेला. १९९५ मध्ये बेन क्रेनशॉ आपल्या गुरूच्या, हार्वी पेनिकच्या, अंत्यसंस्काराला जाऊन स्पर्धेच्या तोंडावर परत आला. खेळ पार बिघडलेला. सराव करताना जॅक्सनने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: चेंडू पायांमध्ये जरा मागे घे, आणि खांद्यांची फिरकी आवळून ठेव. त्या रविवारी क्रेनशॉ जिंकला. शेवटच्या फटक्यानंतर तो वाकून रडतोय आणि उंचापुरा जॅक्सन त्याला मागून आधार देतोय, हे छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल.

क्लबचेच कॅडी घ्यायची सक्ती उठली ती एका पावसामुळे. १९८२ च्या स्पर्धेत गुरुवारी पावसाने खेळ थांबला आणि शुक्रवारी सकाळी बरेच कॅडी वेळेवर आलेच नाहीत. खेळाडूंनी तक्रार केली आणि १९८३ पासून स्वतःचा कॅडी आणायची मुभा मिळाली. बदल खेळाडूंच्या दृष्टीने रास्त होता. पण ऑगस्टाच्या स्थानिक कॅडींची पिढ्यांची मिळकत त्याने एका झटक्यात गेली. समान वागणूक आली ती त्यांना टीवर जागा देऊन नव्हे, बॅग काढून घेऊन.

टीवर जागा मिळायला फार वेळ लागला. चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, विजय मिळवले, तरी त्याला मास्टर्सचं आमंत्रण कधी आलं नाही. १९७५ मध्ये ली एल्डर खेळला, तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. धमक्या येत होत्या म्हणून त्याने त्या आठवड्यासाठी दोन घरं भाड्याने घेतली होती. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये घेतला. १९९७ मध्ये एकवीस वर्षांचा टायगर १२ फटक्यांच्या फरकाने जिंकला, तेव्हा एल्डर ते बघायला ऑगस्टात आला होता. क्लबच्या स्वयंपाकघरातले, सफाईचे कृष्णवर्णीय कर्मचारी हातातलं काम सोडून बाहेर येऊन उभे राहिले होते. स्त्रियांना सभासदत्व मिळायला २०१२ उजाडलं. पहिल्या दोघी म्हणजे माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर. २०२१ मध्ये निकलॉस आणि गॅरी प्लेअर यांच्याबरोबर पहिल्या सकाळचा मान एल्डरला दिला. तब्येतीमुळे त्याला फटका मारता आला नाही, गोल्फची काठी हातात घेऊन त्याने सगळ्यांचं अभिवादन स्वीकारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. उशीर झाला होता, पण ते झालं याचं मला मोल वाटतं.

त्याच २०२१ च्या रविवारी मात्सुयामा जिंकल्यावर त्याचा कॅडी शोता हायाफुजी झेंड्याची काठी परत होलमध्ये लावायला गेला. काठी लावली, टोपी काढली आणि मैदानाकडे तोंड करून कमरेत वाकला. हे कुठल्याही नियमात नव्हतं. आम्हा मैदानावर राबणाऱ्यांना मात्र ते नेमकं पोचलं.

शिस्तीबद्दलही लिहितो. प्रेक्षकांना तिथे ‘पेट्रन’ म्हणतात. पळायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. घडीची खुर्ची सकाळी ग्रीनजवळ ठेवून दिवसभर भटका, कुणी ती हलवत नाही. पिमेंटो चीजचं सँडविच दीड डॉलरला मिळतं. टीव्हीवर जाहिराती अगदी मोजक्या, कारण क्लब प्रक्षेपणातून मिळू शकणारा पैसा सोडून देतो आणि त्या बदल्यात सगळी सूत्रं आपल्या हातात ठेवतो. १९६६ मध्ये गर्दीला झुंड म्हणणाऱ्या जॅक व्हिटेकर या समालोचकाला पुढच्या काही वर्षांसाठी बाहेर ठेवलं गेलं. मला हे टोकाचं वाटतं. पण पारच्या वर-खाली किती हे लाल-हिरव्या आकड्यांत दाखवणारा धावफलक याच काटेकोरपणातून आला, आणि आज जगभर गोल्फ तसाच वाचला जातो.

काटेकोरपणाची दुसरी बाजू १९६८ ची. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झोने रविवारी, स्वतःच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, सतराव्यावर तीन फटके घेतले. सोबतच्या टॉमी आरनने कार्डावर चार लिहिले आणि दे व्हिसेन्झोने न बघता सही केली. जास्तीचा आकडा कायम राहिला, प्लेऑफ हुकला, बॉब गोल्बी विजेता ठरला. कोट्यवधी लोकांनी तीनच फटके पाहिले होते, तरी कार्ड बदललं नाही. मुलांना खेळ शिकवत असाल तर ही गोष्ट जरूर सांगा आणि सहीआधी कार्ड मोठ्याने वाचायला लावा.

आपल्या बाजूने सांगायचं तर मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, २००७ मध्ये. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये पहिल्यांदा खेळला, २०१८ मध्ये शुभंकर शर्माला खास आमंत्रण मिळालं. हौशी मुलांसाठीही दार आहे: आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट प्रवेश मिळतो, आणि हौशी खेळाडूंना क्लबहाउसच्या माळ्यावरच्या ‘क्रोज नेस्ट’मध्ये राहता येतं.

मुलांना दाखवणार असाल तर शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या आसपास संपते, शेवटचे नऊ होल साधारण अडीचपासून. रविवारी बाराव्यावर झेंडा बहुतेक उजवीकडे असतो. कोण त्यावर रोख धरतो आणि कोण बंकरवरून मारतो ते बघा. सोळाव्यावर तो डावीकडे खालच्या टप्प्यावर असतो. तिथे चेंडू मुद्दाम उजवीकडे वर टाकतात आणि उतारच तो होलकडे आणून देतो.